अकरा कोरे कागद

१

औरंगाबादच्या मेडिकल कॉलेजातून आलेलं जाड पाकीट नर्मदाबाईंनी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फोडलं, आणि हातातला चहाचा कप तसाच खिडकीत ठेवून दिला.

आत दोन-तीन ओळींचं पत्र होतं. 'आपल्या शाळेमार्फत रजिस्टर पोस्टाने आलेल्या लिफाफ्यात अर्ज अथवा कोणतेही प्रमाणपत्र आढळले नाही. लिफाफा आतील कागदांसह परत पाठवीत आहोत. आंदोलनाच्या काळात कार्यालय बंद राहिल्याने अर्जाची मुदत येत्या सोमवारपर्यंत वाढविली आहे.'

पत्राखाली लिफाफा होता. वर निळ्या शाईत बाईंच्याच अक्षरातला पत्ता, तिकिटं, पोस्टाची चिठ्ठी, बस्स. कॉलेजवाल्यांनी तो कडेने कात्रीने कापला होता. मागची लाख बाईंनी ओतली होती तशीच होती, कुठे तडासुद्धा नाही. आणि आतून निघाले अकरा कागद. बाईंनी ते एकेक करून उलटेसुलटे केले. अकराच्या अकरा कोरे.

बुधवार होता. साल शहाऐंशी, जुलै महिना.

बोरीच्या शाळेत नर्मदाबाई जीवशास्त्र शिकवायच्या. पण गावाला त्या माहीत होत्या त्या रविवारच्या बाई म्हणून. दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून त्या दहावी-बारावीच्या पोरांचे कॉलेजचे अर्ज भरून द्यायच्या. कुठलं कॉलेज, कुठला दाखला, कुठली तारीख, सगळं त्यांच्या वहीत. नऊ वर्षं हा उद्योग चालला होता आणि नऊ वर्षांत हाताला काय लागलं? एकाचा अर्ज सही राहिली म्हणून बाद झाला. एकीचं ऐन प्रवेशाच्या आठवड्यात लग्न लावून दिलं. एक पोरगा परभणीला गेला आणि खोली मिळेना म्हणून दिवाळीच्या आत परत आला. दोन सालं तर कॉलेजंच बंद-मोर्च्यांत गेली.

आणि यंदा अंबू. मल्हारी धनगराची पोर, बारावी सायन्सला तालुक्यात पहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा बाईंनी मेडिकलचा अर्ज भरला होता. फटाके तेवढे वाजवायचे राहिले होते.

अर्जासोबत मूळ गुणपत्रक, मूळ टी.सी. आणि मूळ जातीचा दाखला जोडलेला होता. तेही गेलं. सोमवारच्या आत सापडलं नाही, तर पोरीचं वर्ष गेलं. धनगराच्या घरात लेकीला दुसरं वर्ष मिळत नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

"लाख शाबूत, आन आत कोरे कागद," त्या स्वतःशीच बोलल्या. "हे केलं कुणी?"

२

बाईंनी डोळे मिटून ते दोन दिवस पुन्हा उभे केले.

दोन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या ऑफिसात बसल्या होत्या. खोलीत चौघं. टेबलाशी क्लार्क दत्तराव, बाईंच्या शेजारी अंबू, दाराशी उकिडवा बसलेला मल्हारी, आणि त्या स्वतः. मल्हारीचा अंगठा अर्जावर घेतला, समोर दत्तरावांनी साक्षीदाराची सही केली. अंबूनं आणि बाईंनी कागद मोजले, अकरा भरले. पहिल्या लिफाफ्यावर पत्ता लिहिताना पिनकोडाचा शेवटचा आकडा राहिला, म्हणून तो बाजूला टाकून बाईंनी दुसरा लिहिला. कागद आत घातले, दत्तरावांच्या बाटलीतला डिंक लावून तोंड बंद केलं. दत्तरावांनी तो कपाटात ठेवून कुलूप घातलं.

शुक्रवारी सकाळी दत्तरावांनी कपाट उघडून दिलं. बाईंनी लिफाफा घेतला, वर लाल पेन्सिलीनं ठळक 'रजिस्टर' लिहिलं, आणि अंबूला बरोबर घेऊन पोस्टात गेल्या. व्हरांड्यात लाख वितळवून मागे ओतली, खिडकीतून आत दिला, पावती घेतली.

म्हणजे लाख ओतायच्या आधी कागद बदलले. आणि रात्रभर लिफाफा होता कपाटात. कपाटाची चावी होती एकाच माणसाकडे.

दत्तराव आणि बाईंचं सूत कधी जमलं नव्हतं. टी.सी. द्यायला ते पोरांना चार-चार हेलपाटे घालायला लावायचे. बाईंनी मागच्याच महिन्यात मुख्याध्यापक भगवानरावांकडे तक्रार केली होती.

दत्तराव डबा उघडून बसले होते. बाई सरळ समोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळा स्टाफ तिथेच होता.

"अंबूचे कागद कुठं आहेत, दत्तराव?"

"कोणते कागद?"

"साळसूद बनू नका. माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा. लेकराच्या जन्माचं वाटोळं कशाला केलंत?"

त्यांनी कोरे कागद त्यांच्या डब्याशेजारी आपटले. दत्तरावांनी कागद पाहिले, पत्र वाचलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हेलपाटे घालायला लावतो, कबूल. कामचुकार म्हणा. पर बावीस वर्सांत कुणाचा कागद गहाळ केला न्हाई म्या. चोर नका म्हणू."

दत्तरावांनी अर्धा डबा तसाच बंद केला आणि ते बाहेर गेले.

भगवानराव घसा खाकरून म्हणाले, "बाई, त्या गुरुवारी संध्याकाळी ऑफिसात आणखी एक जण आला होता. तुम्ही गेल्यानंतर. आश्रुबा."

३

आश्रुबांची गावात बागायती होती आणि जिभेला हाड नव्हतं. निकालाच्या दिवशी पारावर बसून ते म्हणाले होते, 'मेंढरामागची पोर डागदर व्हनार, आन आमच्या पोरानं काय ढोरं वळायची?' त्यांचा मुंजाजी अंबूच्याच वर्गात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्यांच्या आखाड्यावर, शेतातल्या घराकडे गेल्या. आश्रुबा बाजेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि मग हसले. पण ते हसू पुरतं उमटलंच नाही.

"म्या गेलतो हापिसात, खरं हाय. दत्तराव कपाटाला कुलूप घालून निघालाच व्हता. तुमचं पाकीट म्या डोळ्यानं बी बघितलं न्हाई."

"मग गेला होतात कशाला?"

आश्रुबांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला.

"मुंजाजी रसायनात नापास हाय, बाई. गावात सांगितलं न्हाई. पुन्हा परीक्षेला बसवायचं तर फारम कवा भरायचा, हे गपचिप इचारायला गेलतो. नापास पोरासाठी म्या कुनाची जागा चोरू?"

मुंजाजी दर रविवारी व्हरांड्यात यायचा, कोपऱ्यात उभा राहायचा, आणि काही न विचारता जायचा. आपण त्याला कधी हाक मारली नाही.

"रविवारी पाठवा त्याला," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठल्या.

राहिला मल्हारी. आपल्याच लेकीचे कागद बाप कशाला गायब करील? पण नऊ वर्षांत बाईंनी असले बाप पाहिले होते. पाहुणे बघायला यायचे ठरले की दाखले उंदरांनी खाल्लेले असायचे. आणि मल्हारीच्या घरी मागच्या महिन्यात सेलूकडचे पाहुणे येऊन गेले होते, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

गावाच्या खालच्या अंगाला माळावर मल्हारीची मेंढरं बसली होती. त्याची बायको केवळाबाई चुलीपुढे होती. बाईंना बघून तिनं घाईघाईनं घोंगडी अंथरली.

"पाहुणे आले व्हते, व्हय," मल्हारी म्हणाला. "म्या वापस लावले. पोरगी डॉक्टर व्हायलीय म्हणलं, आता कशाचं लगीन."

"कागद पोस्टात टाकले त्या शुक्रवारी सकाळी कुठं होतात तुम्ही?"

"गुरुवारी अंगठा दिला, आन दिवस बुडायच्या आत कळप घिऊन पूर्णेच्या काठाला गेलतो. चार रोजांनी आलो. का, बाई? काय झालं? अंगठा उमटला न्हाई का नीट?"

"उमटला होता."

"न्हाई, दोन खेपा घेतला म्हणून इचारलं."

बाईंनी मान वर केली. "दोन खेपा?"

"एकदा तुमच्यापुढं हापिसात. आन एकदा घरी, त्याच्या आदल्या दिशी. सायबाच्या फारमावर म्हणून."

बाईंनी अंगठा एकदाच घेतला होता. एकाच अर्जावर.

"घरी कुणी घेतला?"

मल्हारी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच केवळाबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. "आवं, बकरू तिकडं गेलं बगा," असं म्हणून तिनं नवऱ्याला माळावर पिटाळलं, आणि स्वतः चूल फुंकायला वाकली. मग कितीही विचारलं तरी तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

४

शुक्रवारी सकाळी बाईंनी परत आलेला लिफाफा घरच्या खिडकीतल्या उन्हात धरला. दोन दिवस त्या माणसांच्या मागे धावत होत्या. हातातली वस्तू त्यांनी नीट बघितलीच नव्हती. बेडकाचं पोट फाडताना पोरांना त्या ओरडायच्या, 'आधी बाहेरून बघा, मग सुरी लावा.' आणि स्वतः मात्र आधी सुरी लावून बसल्या होत्या.

पिनकोडात आकडे पाचच होते.

म्हणजे हा बाजूला टाकलेला पहिला लिफाफा! कागद बदललेच नव्हते, अख्खा लिफाफाच बदलला होता. आणि टाकलेला लिफाफा उचलायचा तर त्या वेळी खोलीत असायला हवं. आश्रुबा सुटले.

त्यांनी लिफाफ्याचं तोंड नखानं खरवडलं. वाळलेला डिंक चकाकतो. इथे पांढरट पापुद्रा निघाला, त्यात कोंड्याचा कण. ज्वारीच्या पिठाची खळ. डिंकाची बाटली ज्याच्या टेबलावर असते तो माणूस पीठ शिजवत बसत नाही. हा लिफाफा कुणीतरी घरी, चुलीपाशी बंद केला होता.

आणि मग बाईंनी तो पुन्हा पालथा-उलथा केला. वर फक्त निळी शाई होती. लाल पेन्सिल कुठेच नव्हती.

त्या शुक्रवारी सकाळी कपाटातून काढलेल्या लिफाफ्यावर त्यांनी स्वतः 'रजिस्टर' लिहिलं होतं. म्हणजे रात्रभर कपाटात खरा लिफाफा होता, सकाळीही खराच होता. कपाटाचा आणि चावीचा काही संबंधच नव्हता. बदल झाला तो शाळा ते पोस्ट या वाटेवर. दत्तराव तेव्हा शाळेत हजेरीपट घेऊन बसले होते. मल्हारी पूर्णेच्या काठी होता.

बाईंच्या हातात लाख होती, मेणबत्ती होती, काडेपेटी होती. म्हणून लिफाफा त्यांनी बरोबरच्या पोरीच्या हातात दिला होता. लाख ओतायला तो पुढे आला तेव्हा पालथा होता, तोंड वर; लाख ओली म्हणून खिडकीतूनही तसाच पालथा आत गेला. आणि आत किती कागद घातले म्हणजे तेवढाच जाड लागेल, हे बाईंखेरीज एकाच माणसाला माहीत होतं.

बाईंनी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि अंबूला घरी बोलावून घेतलं.

५

अंबू आली आणि दारातच थांबली. बाईंनी काही न बोलता लिफाफा पुढे केला. पोरीनं तो पाहिला. ती रडली नाही, नाकबूलही झाली नाही.

"कागद कुठं आहेत?"

"परभणीला. जनावराच्या डॉक्टरीच्या कॉलेजात. तिथं बी मूळ कागद मागितले व्हते, बाई. आन मूळ एकच ऱ्हातंय."

"जनावरांच्या?" बाईंचा आवाज चढला. "अगं, तालुक्यात पहिली आलीस तू! मेडिकलला लागली असतीस. मेंढ्यांमागून बाहेर काढायलेय मी तुला, आन तू परत मेंढ्यांकडंच चाललीस?"

"हेच," अंबू म्हणाली. "हेच म्हणलात तुमी मागच्या खेपेला बी. मी तीनदा सांगितलं, बाई. एकदा रविवारी, एकदा निकालाच्या दिशी, एकदा फारम भरताना. तुमी म्हणलात, 'गप, सही कर.'"

बाईंना आठवेना. नंतर शेवटचं वाक्य आठवलं.

अंबू खाली बसली. बापाला ती दादाच म्हणायची. "दोन सालाखाली आमच्या कळपात देवी आली. चाळीस मेंढरं गेली. दादा जिंतूरला जाऊन डॉक्टर घिऊन आला, चौथ्या दिशी. त्यो जीपमधून उतरला न्हाई. तिथूनच म्हणला, 'पुरून टाका.' माय मेल्या मेंढीचं तोंड मांडीवर घिऊन बसली व्हती. माणसाला बघणारे डॉक्टर परभणीत लय हायेत. मेंढराला हात लावणारा कुनी न्हाई."

"मग मला तसं ठणकावून सांगायचं. चोरी कशाला?"

"कसं सांगू? तुमी भगवानराव सरांना सांगितलं, गावाला सांगितलं, दादाला सांगितलं. दादानं पाहुणे वापस लावले. समद्यांच्या तोंडावर न्हाई कसं म्हणू? वाटलं, मेडिकलच्या यादीत नाव आलं न्हाई म्हणजे तुमी समदे गप बसताल. कागदं वापस येतील, असं वाटलं न्हाई."

"आणि तुझ्यापायी मी दत्तरावांना चारचौघांत चोर म्हणाले, त्याचं काय?"

अंबूनं चमकून वर पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं. आता मात्र तिचे डोळे भरून आले.

संध्याकाळी दोघी दत्तरावांच्या घरी गेल्या. दार त्यांच्या बायकोनं, दगडाबाईनं उघडलं. दत्तराव आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. बाईंनी दाराशी उभ्यानेच सगळं सांगितलं, माफी मागितली. आतून आवाज आला, "सोमवारी शाळेत बोला, बाई. चोर चारचौघांत म्हणलात, माफी बी चारचौघांतच मागा."

"मागीन," बाई म्हणाल्या.

६

शनिवारी सकाळच्या एस्टीनं तिघं परभणीला निघाली. बाईंनी मल्हारीला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. कागद परत काढायचे तर पालक लागेल. अंबूनं बापाला वाटेत, झरीच्या पुढे, सगळं सांगितलं. मल्हारी खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंच्या डोक्यातला हिशेब साधा होता. आज कागद काढले, तर सोमवारी औरंगाबाद गाठता येतं. पोर सतरा वर्षांची. चाळीस मेंढरांच्या दुःखात आयुष्य ठरवायला निघालेली. उद्या पस्तावली तर?

कॉलेजच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या कारकुनानं गठ्ठा उलटापालटा केला आणि अर्ज वर काढला.

"अंबाबाई मल्हारी, बोरी. हा बाजूला काढलेला हाय. बाद."

"बाद?" अंबू खिडकीशी सरकली.

"पालकाचा अंगठा हाय, पर त्याला साक्षीदाराची सही न्हाई. आज चारपर्यंत दुरुस्त केला तर चालंल. न्हाईतर हे घ्या तुमचे मूळ कागद, निघा."

त्यानं कागद खिडकीच्या कठड्यावर ठेवले. गुणपत्रक, टी.सी., दाखला, सगळं. बाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर.

काहीही करायची गरज नव्हती. फक्त गप्प राहायचं होतं. नऊ वर्षं ज्या एका चुकीसाठी त्या पोरांच्या मागे लागायच्या, तीच चूक आज आपणहून त्यांच्या बाजूने उभी होती. त्यांनी अंबूकडे पाहिलं. पोर विनवत नव्हती. ती अर्जावरची ती रिकामी जागा बघत होती. पेपरात येत असलेलं गणित सुटून गेलं की पोरं कागदाकडे बघतात, तशी.

बाईंनी अर्ज ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. एका जागी जन्मतारीख अक्षरात लिहायची राहिली होती. वसतिगृहाच्या चौकटीत काहीच नव्हतं.

"हे काय? वसतिगृह नको? रोज बोरीहून येणारेस का तू?"

"तिथं काय लिहायचं कळलं न्हाई, बाई."

"कळलं नाही तर विचारायचं!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की कारकून दचकला. "रविवारी काय मी तिथं माशा मारायला बसते? लिही. 'होय' लिही. तारीख अक्षरात लिही. मल्हारीभाऊ, इकडं या. अंगठा."

मल्हारी पुढे आला. शाईच्या पॅडवर त्यानं अंगठा टेकवला, आणि उमटवायच्या आधी थांबला.

"बाई, ही डॉक्टर मेंढराचीच व्हनार. पक्कं?"

"पक्कं."

त्यानं अंगठा उमटवला. शेजारी बाईंनी 'समक्ष' लिहून सही केली. राग अजून गेला नव्हता; निब कागदात रुतलं. कारकुनानं अर्ज उचलून गठ्ठ्यात सरकवला आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर आवारात एका गड्यानं दोन जाफराबादी म्हशी बांधायला आणल्या होत्या. अंबू त्या बघत थांबली. मल्हारी बाईंजवळ आला.

"किती वर्सं लागतेत, बाई?"

"पाच तरी."

मल्हारीनं डोक्यावरचं पटकूर सारखं केलं. "म्या यंदा कळप मोडणार व्हतो. केवळीला बी सांगून ठिवलं व्हतं. पोरगी डॉक्टर झाली तर मेंढरं कुनासाठी ठिवायची म्हणलं." त्यानं म्हशींपाशी थांबलेल्या लेकीकडे पाहिलं. "आता मोडता येत न्हाई. ही शिकून यायची, आन गावात मेंढरूच न्हाई, असं कसं व्हईल?"

एस्टीला अजून तास होता. बाईंनी पिशवीतली वही काढली, अंबूच्या नावापुढचं 'मेडिकल' खोडलं आणि शिक्षा केल्यासारखं ठळक अक्षरात नवं लिहिलं. मग पान उलटलं, आणि मुंजाजीचं नाव लिहून पुढे रसायनाच्या फेरपरीक्षेची तारीख विचारायला त्या पुन्हा त्याच खिडकीकडे वळल्या. तिथे ती कुणाला माहीत नव्हती. मग त्या तिथल्याच एका प्राध्यापकाच्या मागे लागल्या.